पाहण्याचे ऋण



 भीमेच्या काठी वसलेल्या ज्या गावात शिवराम हरी राजगुरूंचा जन्म झाला आणि ज्या गावाने पुढे त्यांचेच नाव अभिमानाने धारण केले, त्या गावच्या तरुण मंडळींसमोर उभे राहताना वक्त्याच्या मनावर एक दडपण असते. कारण तेविसाव्या वर्षाच्या आत आयुष्याचे सार्थक करून गेलेल्या पुरुषाच्या गावी तरुणांना उपदेश करणे हे धारिष्ट्याचेच काम होय. म्हणून उपदेशाचा मार्ग सोडून, ज्या विषयात माझी हयात गेली त्या कलेविषयी, आणि विशेषेकरून आज तुमच्या हातातल्या मोबाइलवर जगातले संगीत, चित्र, चित्रपट आणि ॲनिमेशन येऊन ठेपले आहे त्याचे आपण काय करावे याविषयी, दोन शब्द बोलण्याची मी आपली परवानगी घेतो.

उत्तम कला पाहावयास मिळणे ही गोष्ट आपल्या पूर्वजांना किती दुर्मीळ होती, याची कल्पना आज सहजी येणार नाही. गेल्या शतकाच्या आरंभी तालुक्याच्या सामान्य घरात चित्र म्हणून जे काही पोचे, ते बहुधा राजा रविवर्म्याच्या मळवलीच्या छापखान्यातून निघालेले लक्ष्मीचे अथवा सरस्वतीचे रंगीत शिळाछापाचे चित्र असे, आणि तेवढ्यावर एका संबंध पिढीची चित्रदृष्टी घडली. अजिंठ्याची गोष्ट याहून उद्बोधक आहे. 1844 पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी तेथील लेण्यांत वर्षानुवर्षे काम करून भित्तिचित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती तयार केल्या, विलायतेस धाडल्या, आणि 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. पुढे 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा त्या लेण्यांत गेले. त्या विद्यार्थ्यांनी डोंगरातल्या अंधुक उजेडात बसून इंचाइंचाने नव्या प्रती उतरविल्या. आणि त्यांपैकीही कित्येक 1885 च्या आगीत लंडनलाच नष्ट झाल्या. ज्या उरल्या त्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट या वस्तुसंग्रहालयात आहेत, आणि त्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्यांची छायाचित्रे पाहण्यास कुणालाही मज्जाव नाही. आपल्याच वयाच्या, आपल्याच मुलखातल्या विद्यार्थ्यांच्या हातची ती रेषा आज राजगुरुनगरच्या मुलीला घरच्या ओट्यावर बसून निरखता येते. आणि ज्या रेषेसाठी कुणी तेरा-तेरा वर्षे खर्ची घातली, ती आपल्याला विनासायास लाभावी, यात जितका आनंद आहे तितकीच जबाबदारीही आहे.

संगीताच्या बाबतीतही हेच सांगता येईल. गोव्यातील फोंडा तालुक्यात केरी नावाच्या गावी 1892 साली जन्मलेल्या केसरबाई केरकर या अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत तयार झालेल्या थोर गायिका. त्यांनी गायिलेली भैरवीची एक ध्वनिमुद्रिका, जी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे, ती 1977 साली व्हॉयेजर नावाच्या दोन अवकाशयानांबरोबर पाठविण्यासाठी निवडली गेली. आणि साऱ्या मानवजातीतर्फे तारामंडळाला देण्याच्या त्या नजराण्यात हिंदुस्थानी संगीताचे प्रतिनिधित्व एका मराठी-कोकणी मुलखातल्या स्त्रीच्या कंठाने केले. परंतु ही ध्वनिमुद्रिका तेव्हा बाजारातून नाहीशी झाली होती. तिची शिफारस झाल्यावर निवड करणाऱ्या मंडळींनी न्यूयॉर्क शहर धुंडाळले, आणि अखेर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या खोक्यात, तिच्या न उघडलेल्या प्रती हाती लागल्या. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाई निवर्तल्या. ज्या गायनासाठी जाणत्यांना एवढी यातायात करावी लागली, ते तुम्ही आज रात्री घरी गेल्यावर केवळ नाव लिहून ऐकू शकाल. माझी विनंती एवढीच की ते एकदा ऐकून पुढे सरकू नका. दिवा मंद करून लागोपाठ चार वेळा ऐका, आणि प्रत्येक वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्या, पहिल्यांदा आवाजाच्या लगावाकडे, दुसऱ्यांदा तानेच्या ओघाकडे, तिसऱ्यांदा समेवर येण्याच्या डौलाकडे, आणि चौथ्यांदा काहीही न शोधता नुसते ऐका. साडेतीन मिनिटांत एवढे वैभव कसे मावले, हा प्रश्न तुमचा तुम्हालाच पडेल.

मित्रहो, येथे एका धोक्याचीही सूचना करणे मला अगत्याचे वाटते. संपन्नतेच्या काळात माणसाची निवड करण्याची शक्ती क्षीण होते. मोबाइलचा पडदा अंगठ्याने वर सारीत गेले म्हणजे जे समोर येते ते आपण निवडलेले नसून, आपण किती वेळ खिळून राहू याचा हिशेब मांडणाऱ्या यंत्रणेने ते आपल्यापुढे वाढलेले असते. आणि अर्ध्या मिनिटाच्या शेकडो रील पाहून उठलेल्या माणसाला, काय पाहिले असे विचारले, तर त्याला बहुधा एकही सांगता येत नाही. यात तरुणांचा विशेष दोष आहे असे मी मुळीच म्हणत नाही. प्रौढही त्याच पडद्यापुढे बसलेले असतात. पण शोधून पाहणे आणि समोर आले म्हणून पाहणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जो शोधतो त्याला काय हवे ते ठाऊक असते; आणि एका कलाकृतीतून दुसरीचा, एका कलावंताकडून त्याच्या गुरूचा माग काढीत तो पुढे जातो. असा माग काढणारा मनुष्य हळूहळू रसिक होतो, आणि रसिकता ही शिकविता न येणारी पण कमावता येणारी विद्या आहे.

हा माग आपल्या उंबऱ्यापासूनच कसा काढता येतो, याचे एक उदाहरण देतो. प्रभात कंपनीचा 1936 सालचा संत तुकाराम हा चित्रपट इंटरनेटवर पाहावयास मिळतो. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांची तुकोबांची भूमिका, व्हेनिसच्या महोत्सवात झालेला गौरव, हे सर्व आपण पुस्तकात वाचले असेल. ज्या भामचंद्र डोंगरावर तुकोबांनी चिंतन केले तो तर आपल्या खेड तालुक्यातच, चाकणच्या कारखान्यांच्या शेजारी उभा आहे. चित्रपट पाहाल तेव्हा एवढे ध्यानात घ्या की तुकोबांची रचना एकदा पागनीसांच्या साध्या, आत वळलेल्या स्वरात ऐकू येते, आणि तीच रचना चित्रपटातील खलनायक सालोमालोच्या तोंडी आली की नाटकी ताना आणि हावभाव लेऊन येते. शब्द तेच, पण एकात भक्ती आहे आणि दुसऱ्यात प्रदर्शन. खऱ्या आणि दिखाऊ कलेतला भेद सांगण्यासाठी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. दामले-फत्तेलालांनी तो कुणीही न सांगता काही क्षणांत कानांवर घातला आहे. पुढे तुकोबांची संतापलेली पत्नी जिजाई आजारी मुलाला ओढीत देवळात नेते आणि प्रत्यक्ष पांडुरंगावर पायताण उगारते, त्या प्रसंगी गौरी या अभिनेत्रीचा चेहरा पाहा. आपल्या गावच्या कितीतरी माउल्यांचा संसाराने गांजलेला चेहरा तुम्हाला त्यात ओळखीचा वाटेल.

परंतु पाहणे एवढ्यावरच थांबले तर ते अपुरे होय. दादासाहेब फाळके यांचे चरित्र याच कारणासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट त्यांनी पाहिला तेव्हा तो पाहणारे इतरही शेकडो लोक तेथे बसले असतील. पण पडद्यावरचा ख्रिस्त पाहताना आपल्या राम-कृष्णांना असे केव्हा पाहू, ही तळमळ घेऊन घरी परतलेला मनुष्य एकच निघाला. 1912 साली ते विलायतेस गेले, कॅमेरा घेऊन परतले, आणि भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत एक वाटाणा पेरला. महिनाभराहून अधिक काळ ते रोज त्या कुंडीपुढे कॅमेरा चालवीत राहिले, आणि अखेर पडद्यावर त्या दाण्यातून कोंब फुटून वेल वर चढताना लोकांनी डोळ्यांनी पाहिला. घरात सरस्वतीबाई अंधारात बसून फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडीत, ती धुण्याची रसायने तयार करीत. त्या श्रमांतून 3 मे 1913 रोजी राजा हरिश्चंद्र मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांपुढे आला. वाटाण्याच्या वेलाचे जे चित्रण करावयास फाळक्यांना एवढे कष्ट पडले, ते आज तुमच्यापैकी कुणालाही मोबाइल आणि मटकीची वाटी घेऊन आठवडाभरात करता येईल. साधने स्वस्त झाली. चिकाटी मात्र अजून ज्याची त्यालाच कमवावी लागते.

विजया मुळे यांचेही नाव मी या ठिकाणी आदराने घेतो. मुंबईत 1921 साली जन्मलेल्या या विदुषी इंग्लंडात शिकत असताना तेथील फिल्म सोसायटीत जगातले चित्रपट पाहू लागल्या. मायदेशी परतल्यावर ती आवड स्वतःपुरती न ठेवता त्यांनी येथे फिल्म सोसायट्यांची चळवळ उभी करण्यास हातभार लावला, आणि 1974 साली भीमसेन यांच्या ॲनिमेशनने सजलेला, एकतेचा महिमा लहान मुलांना सांगणारा एक अनेक और एकता हा सात मिनिटांचा चित्रपट देशाला दिला. तुमच्या आईवडिलांना विचारा; दूरदर्शनवर पाहिलेला तो चित्रपट त्यांना आजही आठवत असेल. चांगले पाहिलेल्या माणसाने ते चारचौघांना दाखविले, आणि मग स्वतः काही घडविले, असा हा क्रम आहे.

आता माझ्या मुख्य मागणीकडे वळतो. इंटरनेटवरचा खजिना म्हणजे केवळ परदेशचा माल, अशी एक समजूत आढळते. वस्तुतः पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1980 च्या दशकापासून महाराष्ट्राच्या खेडोपाडी हिंडून, जात्यावर दळताना बायकांनी रचलेल्या आणि गायिलेल्या ओव्यांचा संग्रह केला. मुळशीच्या डोंगरातील कष्टकरी बायकाच या कामाच्या आरंभी पुढे होत्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आज पारी या संकेतस्थळामार्फत लोकांपुढे येत आहे, आणि शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रिया बापलेकीच्या मायेविषयी, सासुरवासाविषयी, पंढरीच्या वाटेविषयी आणि बाबासाहेब आंबेडकरांविषयी किती उंचीचे काव्य रचीत होत्या, हे ऐकून विद्वानही नम्र होतात. गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ओवीचे प्रयोजन संपले. जिने ती पाठ ठेवली ती पिढीही आता थकली आहे.

ही पिढी तुमच्या घरी आहे. चास, वाडा, पाईट, आंबोली या पट्ट्यातल्या आज्यांना ओव्या येतात, काकड्याची भजने येतात, धनगरी गाणी माहीत असलेले वृद्ध अजून आहेत, भिंतीवर आणि अंगणात चितारण्याचे हात अजून थरथरत का होईना चालतात. यांतील किती गोष्टी इंटरनेटवर आहेत? ज्या नाहीत, त्या तिथे नेऊन ठेवण्याचे काम दुसऱ्या कुणाचे नव्हे. म्हणून मी या महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक मागणे मागतो. येत्या उन्हाळ्याच्या सुटीत घरातल्या अथवा शेजारच्या एका वृद्ध व्यक्तीजवळ बसा. तिची रीतसर परवानगी घ्या. तिचे गाणे, तिची कला, तिचे बोलणे मोबाइलवर नीट, शांतपणे, पंखा बंद करून टिपून घ्या. गाव, तारीख आणि तिची इच्छा असेल तर तिचे नाव त्याबरोबर लिहून ठेवा. आणि तो संग्रह महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या हवाली करा. प्राचार्यांना माझी नम्र दरखास्त आहे की ग्रंथपालांच्या देखरेखीखाली त्याचे एक दप्तर उघडावे, आणि पुढील स्नेहसंमेलनात त्यातील निवडक भाग या रंगमंचावर दाखवावा.

दुसऱ्यांची कलाकृती वापराल तेव्हा तिच्या कर्त्याचे नाव अवश्य घ्या. ज्याचा मोबदला ठरलेला आहे तो द्या. चोरून घेतलेल्या सौंदर्याने मन मोठे होत नाही. जगाने आपल्यापुढे एवढे वैभव मांडले आहे. ते आपण मनसोक्त पाहावे, ऐकावे, आणि त्याचे ऋण आपल्या मातीतली एखादी अस्सल गोष्ट जगापुढे ठेवून फेडावे, असे मला अंतःकरणापासून वाटते.

ज्यांना आज पारितोषिके मिळाली त्यांचे अभिनंदन. ज्यांना मिळाली नाहीत त्यांनी पुढच्या वर्षासाठी आजपासून सराव करावा. आणि घरी गेल्यावर आजीला एवढेच विचारा, की तुला कोणकोणत्या ओव्या येतात. उत्तर लिहून घ्यायला वही जवळ ठेवा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.