टोपणनावांची दोस्ती
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी बँकेत संगणक सुरक्षेचं काम पाहतो, म्हणून संयोजकांनी मला ‘हॅकर’ हा विषय दिला. पासवर्ड कसा ठेवावा ते चहाच्या वेळी सांगेन. आत्ता काही पोरांच्या दोस्तीबद्दल बोलतो. आपल्यापैकी अनेकांची मुलं आज त्याच वयाची आहेत.

डिसेंबर २०१०. पेपाल, व्हिसा, मास्टरकार्ड यांनी विकिलीक्सच्या देणग्या अडवल्या आणि ‘अनॉनिमस’ नावाचा बिनचेहऱ्याचा जमाव त्यांच्या वेबसाइटवर तुटून पडला. पुढच्याच महिन्यात ट्युनिशियाची जनता हुकूमशहाविरुद्ध रस्त्यावर होती, तेव्हा यांनी तिथल्या सरकारी वेबसाइट बंद पाडल्या. कालपर्यंत गंमत म्हणून कुलपं उघडणाऱ्या पोरांच्या अंगात वारं शिरलं, यात मला नवल वाटत नाही.

त्यांच्यातूनच मे २०११मध्ये मूठभर जणांची ‘लल्झसेक’ टोळी निघाली. म्होरक्या ‘साबू’, म्हणजे न्यूयॉर्कचा हेक्टर मॉन्सेगर. ‘टोपियरी’ हा स्कॉटलंडच्याही उत्तरेला, शेटलंड बेटांवर राहणारा अठरा वर्षांचा जेक डेव्हिस. ‘टीफ्लो’ तर लंडनमधला सोळा वर्षांचा शाळकरी पोरगा. आणि ‘कायला’ स्वतःला सोळा वर्षांची मुलगी म्हणवायची. निघाला ब्रिटिश सैन्यात राहून आलेला बाप्या! रात्र रात्र गप्पा, पण कुणी कुणाला पाहिलेलं नाही. टोपणनावं आपल्या वर्गात काय कमी होती? पण ‘बटाट्या’चं घर कुठे आहे आणि त्याची आई डब्यात काय देते, हे आपल्याला पाठ होतं.

साबू एकदा चॅटमध्ये शिरताना स्वतःचा माग झाकायला चुकला. ७ जून २०११ला एफबीआय त्याच्या दारात. घरात नात्यातल्या दोन लहान मुली, त्यांची आई तुरुंगात, सांभाळणारा हाच. तू आत गेलास तर यांचं कोण, या प्रश्नापुढे तो टिकला नाही. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ऑनलाइन आला. तेच नाव, तीच टिंगल. फक्त आता त्याचं टायपिंग पोलीस वाचत होते.

शिकागोचा जेरेमी हॅमंड हा यांच्यातला खरा चळवळ्या. डिसेंबर २०११मध्ये त्याने स्ट्रॅटफॉर ही खासगी हेरगिरी कंपनी फोडून लाखो ईमेल बाहेर काढले. चोरलेला माल ठेवायला साबूने सर्व्हर देऊ केला. तो एफबीआयच्या ताब्यातला होता. हॅमंडने आपलं नाव सांगितलं नव्हतं. पण दोस्ताशी बोलताना माणूस किती जपून बोलणार? २००४मध्ये न्यूयॉर्कच्या निदर्शनांत मला धरलं होतं, मी तुरुंगात जाऊन आलोय, टाकून दिलेलं अन्न वेचून खातो, असं तो बोलता बोलता सांगून गेला. पोलिसांनी हे तुकडे जुळवले आणि मार्च २०१२मध्ये त्याला उचललं. संगणकाच्या कुठल्याही किल्लीपेक्षा त्याच्याविरुद्ध त्याच्या गप्पाच जास्त कामी आल्या.

त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. साबूला त्याच न्यायाधीशांनी मे २०१४मध्ये आधी भोगलेल्या सात महिन्यांवर सोडलं.

फितूर म्हणून त्याच्यावर लोक थुंकले. आपल्याकडे तर हा शब्द पोवाड्यांपासून कानात बसलेला. मी मात्र दोन गोष्टी वेगळ्या करतो. पोरींसाठी त्याने कबुली दिली, ते मला समजतं. त्याच्या जागी आपल्यातला कोण ताठ राहिला असता? पण पुढे महिनोन् महिने मित्राच्या पाठीवर हात ठेवून त्याला पुढे ढकलायचं, हे समजत नाही. परदेशी सरकारांच्या कोणत्या वेबसाइट फोडायच्या ते साबूच सांगायचा, असं हॅमंडने न्यायालयात म्हटलं. ते खरं असेल तर तो नुसता खबऱ्या नव्हता.

हे सगळं सातासमुद्रापलीकडचं वाटतंय? जून २०१२मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर, इंटरनेटवरच्या बंदीच्या निषेधासाठी, तेच अनॉनिमसचे मुखवटे घालून तरुण पोरं जमली होती. त्यांचा राग खोटा नव्हता.

टीफ्लोने पुढे लंडनमध्ये संगणकशास्त्रात डॉक्टरेट केली. तेव्हा असल्या पोरांवर फुली मारू नका. जेवणानंतर मी आपल्या जुन्या प्रयोगशाळेत बसणार आहे. ज्यांच्या मुलांना हे वेड आहे, त्यांनी त्यांना माझ्याकडे धाडावं. कायद्यात राहून कुलपं कशी तपासायची ते दाखवतो. आईवडिलांनी मात्र कृपया व्हरांड्यातच थांबावं.