रंग आधी की जोडणी आधी?

परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा घरातले कपाटही सुकते. लाकूड लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. पावसाळ्यात फुगलेली, चौकटीच्या खाचेत मोकळी बसवलेली फळी वैशाखात आक्रसते. जोडणीनंतर रंग दिला असेल, तर खाचेत लपलेली कोरी कड बाहेर पडते. पोटाला चिमटा घेऊन लेकीच्या लग्नात दिलेल्या कपाटावर फिकट रेघ उमटते! म्हणून फळी आधी रंगवावी.

मग सगळेच आधी रंगवावे काय? नव्हे. सरस कोऱ्या लाकडात मुरतो. पॉलिश चढलेल्या कुशीवर तो नीट धरत नाही. शिवाय सांधे जोडल्यावर रंधावे लागतात, तेथला रंग जातो. म्हणून चौकट जोडून, घासून मग रंगवावी. सांडलेला सरस तेव्हाच पुसावा. त्यावर रंग चढत नाही.

सावंतवाडीचे कारागीर मात्र फिरत्या लाकडावरच लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते. तेथे रंग आधीच हवा, कारण जोडलेली वस्तू यंत्रावर फिरवता येत नाही.

सारांश, जे पुढे हलेल ते आधी रंगवावे. जेथे सरस धरायचा ते कोरे ठेवावे. कपाट सांगताना आपण सुतारदादांना एवढे अवश्य विचारावे.