एकशेवीस ग्रॅमचं पाकीट



स्वागताध्यक्षाकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते : मंडप, जेवण आणि भाषण आवरतं घेणं. पहिल्या दोन मी पुतण्यांवर सोपवल्या आहेत. तिसरीचा शब्द देत नाही. कृषी केंद्राच्या गल्ल्यावर तीस वर्षं बसलं की गिऱ्हाइकाला उभं करून बोलत राहायची खोड लागते.

परिषदेचा विषय आहे ‘बहुविद्य विचार : माणसाची, निसर्गाची आणि यंत्राची बुद्धी’. पत्रिकेचं प्रूफ दोनदा आलं आणि दोन्ही वेळा त्यावर ‘बहुविध’. छापखान्यातला पोरगा म्हणाला, “काका, एका अक्षराला काय धरून बसता?” मी म्हटलं, बाबा, माझ्या दुकानात माल बहुविध आहे, खत आहे, बी आहे, फवारणीचा पंप आहे. तेवढ्याने मी बहुविद्य होत नाही. तो हसला आणि अक्षर दुरुस्त करून दिलं.

अशी परिषद पहूरला कशाला, असं जळगावात दोघा-तिघांनी विचारलं. त्यांचं चुकलं नाही. आमचं गाव म्हणजे जळगाव-संभाजीनगर आणि पाचोरा-जामनेर या रस्त्यांचा चौक. इथून पाचोरा-जामनेरची छोटी गाडी जायची, छप्पन किलोमीटरची ‘पीजे’. २०२० मध्ये ती थांबली, आता तिचा मार्ग रुंद होतो आहे. पण आमची वाघूर नदी अजिंठ्याच्या लेण्यांना घोड्याच्या नालासारखा वळसा घालून खाली येते, हेही ध्यानात घ्या. तिथल्या कारागिरांनी चिखलात भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून भिंतीला गिलावा केला आणि त्यावर निळा रंग दिला तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या दगडाचा. दगड, माती, रंग आणि धर्म जाणणारी माणसं एकाच लेण्यात काम करत होती. त्यांनी परिषद भरवली नव्हती, एवढाच काय तो फरक.

आता थोडं चाळीसगावकडे जाऊ. पाटणादेवीच्या परिसरातला पाटणचा शिलालेख भास्कराचार्यांच्या घराण्याचा आहे. सन ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला. त्यातल्या ‘लीलावती’त गणितं कशावर आहेत? फुलांवर वाटून बसलेल्या भुंग्यांवर, वाऱ्याने झुकून पाण्यात बुडालेल्या कमळावर, खांबावरून सापावर झेप घेणाऱ्या मोरावर. कर्णाची लांबी काढायची तर आधी मोराकडे बघावं लागतं! आम्हाला शाळेत हौदाचे नळ मिळाले. एक भरतो, दुसरा रिकामा करतो. तो नळ कुणी बंद का करत नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यादवराजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला आणि निकुंभ सामंत सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृत आहे, पण शेवट जुन्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर राजाला मिळणारा हिस्सा मठाला द्यावा, असं त्यात आहे. मी व्यापारी माणूस, मला संस्कृत श्लोकांपेक्षा हीच ओळ थोर वाटते. बाजाराने गणिताला पोसलं. एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी. धंद्याने डॉक्टर, कुष्ठरोगावर औषध शोधणारे, आणि फावल्या वेळात ताम्रपट-शिलालेख वाचणारे.

असाच दुसरा माणूस दामोदर कोसंबी. जन्म गोव्यातला, आयुष्य बरंचसं पुण्यात. गणिती, पण जुनी नाणी तराजूत तोलून त्यांनी इतिहास काढला. १९४४ मध्ये त्यांनी जनुकांमधलं अंतर मोजायचं एक सूत्र दिलं, वाण पैदास करणारे शास्त्रज्ञ ते आजही वापरतात. माझ्या कपाटातल्या बियाण्याच्या पाकिटापर्यंत नाणी तोलणाऱ्याचा हात पोचला आहे, हे मला फार उशिरा कळलं.

पाकिटाचा विषय निघालाच आहे तर एक कबुली देतो.

बीटी कपाशी आपल्याकडे २००२ मध्ये आली आणि २००६ मध्ये दोन जनुकांची आली. ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत बिगर-बीटी बियाण्याचं १२० ग्रॅमचं छोटं पाकीट यायचं. ते शेताच्या कडेने लावायचं होतं, म्हणजे बोंडअळीला खायला थोडी साधी कपाशी राहील. साध्या कपाशीवरच्या अळीचा पतंग आणि बीटीतून वाचलेल्या अळीचा पतंग यांचं मीलन झालं की पुढच्या पिढीत बीटीच्या विषाला न जुमानणाऱ्या अळ्या लवकर माजत नाहीत. कल्पना साधी आणि फार हुशार होती. शत्रूला थोडं जेवू घाला, म्हणजे तो शिकणार नाही.

ते पाकीट कुणी लावलं? इथे हात वर करायला सांगत नाही. शेतकरी म्हणायचे, “शेठ, अळीसाठी कुणी वावर सोडतं का?” मीही हसून पाकीट पिशवीत टाकायचो, कारण नियम होता. दुकानाच्या पायरीवर किती पाकिटं टाकलेली सापडली ते मी मोजलं नाही, नोकराने झाडून काढली. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी आली आणि वरून हिरवंगार दिसणारं बोंड फोडलं की आत किडलेलं निघायला लागलं. त्या वर्षी उधारी मागायला जायची हिंमत माझ्यात नव्हती.

प्रयोगशाळेची बुद्धी त्या मोठ्या पिशवीत होती आणि निसर्गाची बुद्धी त्या छोट्या पाकिटात. आम्ही मोठी ठेवली, छोटी फेकली. आता तिसरी, यंत्राची बुद्धी दारात आली आहे. राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण मंजूर केलं, त्याला पाचशे कोटींची तरतूद आहे. चांगलंच आहे. मी यंत्राच्या विरोधात नाही, माझी बिलं यंत्रच करतं.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. एक तरुण कपाशीचं लाल पडलेलं पान घेऊन आला. मोबाइलने फोटो पाहून सांगितलं होतं : लाल्या, मॅग्नेशियमची कमतरता. मॅग्नेशियम सल्फेटची पिशवी मी काढलीसुद्धा. दुकानात आमचे एक वयस्क शेतकरी बसले होते. त्यांनी पान घेतलं, उलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. “तुडतुडे नाहीत,” म्हणाले. तुडतुड्यांनीही पान लाल पडतं, ते नव्हते, म्हणजे मोबाइल तोवर बरोबरच होता. मग त्यांनी विचारलं, “साऱ्या वावरात आहे, का एका कोपऱ्यात?” नाल्याकडच्या कोपऱ्यात होतं. दोघं जाऊन पाहून आले, तर नाल्याचं तोंड गाळाने बुजलेलं, परतीच्या पावसाचं पाणी मुळांशी साचून राहिलेलं. मुळंच गुदमरली, ती मॅग्नेशियम घेणार कुठून? फावड्याचं काम होतं. मोबाइलने पान ओळखलं, म्हाताऱ्याने वावर ओळखलं, आणि मी? मी पिशवी परत फळीवर ठेवली.

पण मला खरी काळजी आहे ती वेगळीच. यंत्र सल्ला देतं तो एकेकाच्या खिशात. याउलट धुळ्याकडे, साक्रीकडे पांझरेच्या काठी फडबागायत आहे, काही शतकांची जुनी. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखाली जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी द्यायला पाटकरी. मालकाने आपल्या हाताने पाणी फिरवायचं नाही. पाऊस कमी झाला की अमुक फड पडीत, असं सगळ्यांनी मिळून ठरवायचं. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यामुळे झळ वाटून जाते. नदी किती देईल आणि माणूस किती मागेल, याचा हिशेब त्या व्यवस्थेत मुरलेला आहे. कापसालाही तसाच एकत्र हिशेब हवा, कारण बोंडअळी बांध पाहून थांबत नाही. मी डिसेंबरात पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने फरदड ठेवली, म्हणजे वेचणीनंतरही तीच कपाशी उभी ठेवली, तर माझ्या मोबाइलचा सल्ला काय कामाचा? अख्ख्या शिवाराला एकत्र बसवून बोलणारं यंत्र कुणी केलं असेल तर त्याने या दोन दिवसांत मला जरूर भेटावं.

आणि हिश्श्याचाही प्रश्न आहे. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यात गावाने जंगल राखलं, रानभाज्यांची स्पर्धा सुरू केली. तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. उद्या फोटो पाहून यंत्र रानभाजी ओळखेल, पण त्याला तिचं नाव शिकवणाऱ्या बाईला काय मिळेल? बहिणाबाईंचं नाव घेतल्याशिवाय खान्देशातलं भाषण पुरं होत नाही, म्हणून घेतो : अक्षर न शिकलेल्या या बाईचं नाव आज आमच्या विद्यापीठाला आहे. पण ते नाव द्यायला २०१८ साल उजाडलं. आमच्या पानांचे फोटो, आमच्या बोलीतले किडींचे शब्द यंत्र आजच शिकतं आहे. पाटणला मठाचा हिस्सा दगडावर कोरून ठेवला होता. आमचा हिस्सा कुठे लिहिणार, ते तज्ज्ञांनी इथे सांगावं.

माझं बोलणं लांबलं, माफी असावी. सर्वांचं मनापासून स्वागत. जेवण एक वाजता आहे : भरीत, कळण्याची भाकरी, शेवभाजी. तिखट आहे, ताक ठेवलं आहे. तज्ज्ञ मंडळींसाठी वेगळं टेबल मांडायचा घाट पुतण्यांनी घातला होता, तो मी मोडून काढला. मंडपात मागच्या चार रांगांत बसलेत ते कापूसवाले आहेत. त्यांच्याच पंगतीला बसा, आणि पान वाढेपर्यंत एकाला तरी विचारा, यंदा फरदड ठेवणार का?