छोट्या आगगाडीची खडी

रुळांखालची खडी म्हणजे नुसती पसरलेली दगडांची रास, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तिच्याकडे तीन कामें असतात : स्लीपरवर येणारा भार रुंद जागेवर वांटणें, स्लीपर जागच्या जागीं धरणें आणि पावसाचें पाणी तुंबूं न देणें. म्हणून ती कोनदार लागते. गुळगुळीत गोटे एकमेकांवरून घसरतात. धाराशिव जिल्ह्यांतील काळी माती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते. अशा भूमीवर खडीचें महत्त्व अधिकच.

याच जिल्ह्यांतून बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धांवत असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनीयराची ही योजना. १८९७ सालीं ती कुर्डुवाडीहून बार्शीस आली आणि १९११ सालीं येडशी, ढोकी या गांवांवरून लातुरास पोहोंचली. मार्गाची रुंदी अडीच फूट. रुळाचें वजन यार्डास ३० पौंड. एका आंसावर भार ५ टनांचा. २००७-०८ च्या सुमारास रुंद मार्ग झाला, धाराशिव शहरास स्थानक मिळालें आणि छोटी गाडी गेली. आज शाळेंत जाणाऱ्या मुलांनीं ती पाहिलेलीच नाहीं. त्यांना ती दाखवावयाची तर प्रतिकृतीच करावी लागेल. आणि ती खोटी असेल तर मुलांच्या मनांतील चित्रही खोटेंच राहील.

सत्याऐंशीपट लहान प्रतिकृतींत अडीच फुटांचा मार्ग सुमारें ९ मिलिमीटर होतो. रेल्वेची खडी साधारणतः २० ते ६५ मिलिमीटर असते. तिचे खडे येथें पाव ते पाऊण मिलिमीटरचे, म्हणजे जाड रव्याएवढे हवेत. ज्वारीच्या दाण्याएवढा खडा म्हणजे प्रत्यक्षांतील फूटभर धोंडाच!

खडी फोडण्याच्या यंत्राखालीं सांचणारा काळ्या पाषाणाचा कच या कामीं उत्तम; त्याचे कण कोनदार असतात. तो प्रथम ६०० मायक्रॉनच्या चाळणींतून गाळावा, नंतर ३०० मायक्रॉनच्या चाळणीवर उरेल तेवढाच घ्यावा. पाणी निवळ येईपर्यंत धुऊन उन्हांत वाळवावा. धूळ राहिली तर गोंद नीट धरत नाहीं.

यानंतरची परीक्षा मात्र चुकवूं नये. काळ्या पाषाणांत चुंबकास ओढले जाणारे लोहकण असतात आणि छोट्या इंजिनाच्या मोटारींत चुंबक असतो. सुटा कण आंत शिरला कीं मोटार बिघडते. कागदांत गुंडाळलेला लोहचुंबक कचावरून पुनःपुन्हां फिरवावा. बहुतेक कच चिकटूं लागला तर तो टाकून द्यावा. परदेशीं अक्रोडाच्या टरफलांचा रंगविलेला चुरा विकतात. तो चुंबकास चिकटत नाहीं. पण हलका असल्यामुळें पातळ गोंदांत तरंगतो.

कच मऊ कुंचल्यानें स्लीपरांमध्यें बसवावा. स्लीपरांचे माथे उघडे राहावेत. मग साबणाचा थेंब घातलेलें पाणी फवारून तो भिजवावा आणि पाण्यांत पातळ केलेला सुतारी पांढरा गोंद थेंबाथेंबानें सोडावा. सांधे बदलण्याच्या जागीं गोंद जाऊं देऊं नये. रात्रभर वाळल्यावर सुटे कण झाडून पुन्हां चुंबक फिरवावा.

खडी किती जाड घालावी व कडेस माती किती दिसूं द्यावी, हें त्या मार्गाच्या जुन्या छायाचित्रांवरून ठरवावें. आजच्या रुंद मार्गाचा उंच, रेखीव ढीग छोट्या गाडीखालीं घालणें म्हणजे आजोबांच्या तसबिरीस नातवाचा अंगरखा चढविणें होय.