हुन्नर, करार आणि परदेशची गोदी



परदेशच्या गोद्यांसाठी कसबी माणसे कशी निवडावीत, कशी पाठवावीत आणि तिथे ती कशी सांभाळावीत, हा आजचा विषय. वसंतातल्या संध्याकाळी तो काहीसा रुक्ष वाटेल ह्याची आम्हांला कल्पना आहे. परंतु आपण ठाणे-कल्याणची माणसे. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी कुणी ना कुणी हातात हत्यार धरून संसार उभा केला आहे. तेव्हा हा विषय आपल्या घरातलाच समजावा.

वागळे इस्टेट आपण रोज पाहतो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत म्हणून वागळे इस्टेट ओळखली जाऊ लागली. तिथल्या रस्त्यांना क्रमांक आहेत, आणि त्या क्रमांकांवरून जुने कामगार अजून आपला कारखाना सांगतात. त्यातले पुष्कळ कारखाने आता उरले नाहीत. त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. तरीही दोन गोष्टी तिथे आहेत. एक शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था, जिला आपण आयटीआय म्हणतो, आणि दुसरे पासपोर्ट सेवा केंद्र. हुन्नर शिकावा तोही ह्याच वसाहतीत, आणि तो घेऊन परदेशी जाण्याची कागदपत्रे करावीत तीही इथेच. ह्या दोन इमारतींमधल्या वाटेवर मुलाचे काय होते, ह्याचाच आज विचार करायचा आहे.

प्रथम गोदीचे काम कसे चालते ते पाहू. जहाज आता एका जागी तळापासून वर असे बांधत नाहीत. त्याचे मोठमोठे तुकडे वेगवेगळ्या शेडमध्ये तयार होतात आणि मग ते क्रेनने उचलून एकमेकांना जोडले जातात. त्यामुळे माणसांची गरज महिन्यामहिन्याला पालटते. आधी पत्रे कापणारे, फॅब्रिकेटर आणि वेल्डर लागतात. मग पाइप फिटर. त्यामागून इलेक्ट्रिशियन आणि शेवटी रंगारी. रिगर आणि पराती बांधणारे मात्र आरंभापासून अखेरपर्यंत लागतात. ज्याने शंभर माणसे एकदम विमानात बसवली, त्याची निम्मी माणसे तिथे काम नसल्याने बसून राहतात. बसलेल्या माणसाला पगार नाही, ओव्हरटाइम नाही, आणि घरी कर्जाचा हप्ता चुकत नाही. गोदीतल्या असंतोषाचे एक मोठे मूळ इथे असते. ते कामगाराच्या स्वभावात शोधणे व्यर्थ आहे; तुकड्या पाठवण्याचे वेळापत्रक चुकलेले असते.

दुसरी गोष्ट पारखीची. प्रमाणपत्र पाहून वेल्डर घेता येत नाही. त्याच्यापुढे नळी पंचेचाळीस अंशांत तिरपी आवळून ठेवतात आणि ती न फिरवता सांधा पुरा करायला सांगतात. ह्या परीक्षेला कारागीर ‘सिक्स जी’ म्हणतात. सांध्याची क्ष-किरणांनी तपासणी होते, आणि आतली पोकळी किंवा राहून गेलेली खोट फिल्मवर दिसते. तिथे वशिला चालत नाही. पण हाताबरोबर आणखी एक पारख हवी. जहाजाच्या तळाशी दुहेरी पत्र्यांमध्ये कोंदट टाक्या असतात. त्यांत हवा तपासल्याशिवाय उतरू नये, परवान्यावाचून ज्योत पेटवू नये, बाहेर एक माणूस पहाऱ्याला असावा, असे नियम आहेत. हे नियम कारागिराला कळणाऱ्या भाषेत सांगितले नाहीत, तर उत्तम हातसुद्धा त्याचा जीव वाचवू शकत नाही.

दूरच्या कसबी माणसांवर गोदी चालवण्याचा प्रश्न काही आजचा नाही. तो एकदा आपल्या दाराशीच उभा राहिला होता. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांकडे आली आणि ह्याच खाडीत मराठी आरमाराची पहिली जहाजे बांधायला घेतली गेली. जहाजबांधणी जाणणारे लोक हवे होते, म्हणून रुय लैतांव व्हिएगस ह्या पोर्तुगीज प्रमुखाच्या हाताखालची माणसे पगारावर ठेवण्यात आली. पोर्तुगीज कागदपत्रांत त्या जमावाचा आकडा सुमारे ३४० दिला आहे. पण ह्या जहाजांचा धोका उद्या आपल्यालाच होईल हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ओळखले. त्यांनी व्हिएगसला आतून निरोप दिला, आणि १६५९ मध्ये तो आपल्या माणसांसह काम अर्धे टाकून निघून गेला.

इथे छळ नव्हता, पगार बुडवला नव्हता. तरीही माणसे गेली, कारण ती सगळी एका नाईकाच्या शब्दावर आली होती आणि त्याच्याच शब्दावर गेली. ज्याची सारी माणसे एका मुकादमाच्या मुठीत आहेत, त्याची गोदी एका दोरावर टांगलेली आहे. आरमार मात्र थांबले नाही. किनाऱ्यावरच्या आपल्याच लोकांच्या बळावर ते पुढे वाढले. बाहेरून हुन्नर आणावा, पण त्याच्या शेजारी आपला शिकाऊ उभा करावा, हा त्यातला धडा आहे.

ह्याच्या उलट उदाहरण मुंबईचे. १७३६ साली ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया ह्यांना काही सुतारांसह मुंबईला आणले. त्यांना पगाराबरोबर अधिकार दिला, आणि मुख्य बांधणीकाराचे पद पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्यात राहिले. सुमारे दीडशे वर्षे ते घराणे ह्या कामात होते. त्यांनी १८१७ साली मुंबईत बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. परका कारागीर टिकतो तो मान आणि भरवसा मिळाला म्हणून.

आता आपल्या काळात येऊ. २००५ साली अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅटरिना वादळ झाले. त्यानंतर ‘सिग्नल इंटरनॅशनल’ ह्या कंपनीला मिसिसिपीतल्या पास्कागूला आणि टेक्ससमधल्या आपल्या गोद्यांसाठी वेल्डर आणि पाइप फिटर हवे होते. मुंबईच्या एका एजन्सीमार्फत सुमारे ५०० भारतीय कारागीर तिथे नेण्यात आले. कायम वास्तव्याचा परवाना मिळेल अशी आशा त्यांना दाखवली होती. प्रत्यक्षात व्हिसा तात्पुरता होता. एकेकाने दहा ते वीस हजार डॉलर मोजले, आणि त्यासाठी घरे, जमिनी, दागिने गहाण पडले. राहायला कुंपणातली छावणी, एका खोलीत चोवीसपर्यंत माणसे, आणि त्याबद्दल महिना सुमारे १,०५० डॉलर पगारातून वजा! मार्च २००८ मध्ये त्यातले पुष्कळ काम सोडून बाहेर पडले, वॉशिंग्टनपर्यंत गेले, उपोषणाला बसले. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने पहिल्या पाच कामगारांना १ कोटी ४१ लाख डॉलर भरपाई ठरवली, आणि कंपनीबरोबर तिचा वकील व माणसे पुरवणारी एजन्सी ह्यांनाही दोषी धरले. त्याच वर्षी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, उरलेल्या दाव्यांसाठी २ कोटी डॉलरची तडजोड केली आणि माफी मागितली.

श्रोतेहो, हा हिशेब नीट पाहा. त्या माणसांचे हात उत्तम होते. परीक्षा घेऊनच त्यांना नेले होते. निवडीत चूक नव्हती. चूक झाली ती शब्दात आणि पैशात. कर्जाने बांधलेला माणूस पळून जाणार नाही असे पाठवणाऱ्यांना वाटले असावे. पण त्याच कर्जाने शेवटी त्याला रस्त्यावर उतरवले, आणि कंपनीचे कामही बुडाले, नावही बुडाले.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याने माणसे परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची केली. त्याला बँक हमी ठेवावी लागते, आणि कामगाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये व त्यावरचा कर ह्यांहून अधिक घेता येत नाही. दहावी न झालेला मनुष्य ठरावीक अठरा देशांत निघाला, तर उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते, आणि त्याचा १० लाखांचा अपघात विमाही उतरवावा लागतो. पण एक विसंगती लक्षात घ्या. आयटीआयमधून शिकून निघालेला आपला मुलगा बहुधा दहावी झालेला असतो. त्याला ही मंजुरी लागत नाही. अमेरिका त्या अठरा देशांत नाही. म्हणजे ज्याचा हात अधिक तयार, त्याच्या कागदांवर सरकारची नजर कमी पडते. म्हणून घरच्यांची नजर अधिक हवी.

तेव्हा मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांना आमचे इतकेच सांगणे आहे. एजंटाची नोंदणी तपासा. करार त्याला कळेल अशा भाषेत वाचून घ्या. मूळ पगार किती, ओव्हरटाइमचा दर काय, राहणे-जेवण कुणाकडे, आणि काम लवकर संपले तर परतीचे भाडे कोण देणार, हे त्यात लिहिलेले असावे. पैसे दिले तर पावती घ्या. आणि पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहू देऊ नका. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. परक्या मालकाने तो अडकवून ठेवण्याचे काही कारण नाही.

आणि जे आपल्यातले माणसे पाठवण्याचा धंदा करतात, त्यांनाही सांगावेसे वाटते. मुंबई-ठाण्यात दिलेला शब्द समुद्रापलीकडच्या छावणीत रोज रात्री तपासला जातो. तिथला सुपरवायझर कितीही चांगला असला, तरी इथे सांगितलेले खोटे त्याला खरे करता येत नाही. गोदी सांभाळण्याचे काम विमान सुटण्याआधीच निम्मे झालेले असते किंवा निम्मे बिघडलेले असते. शुल्क मालकाकडून घ्या, कारागिराकडून नको. कर्जावाचून गेलेला वेल्डर शांत हाताने काम करतो, आणि पुढच्या खेपेला तो स्वतःच चार चांगली माणसे तुमच्याकडे आणतो.

हुन्नर माणसापासून सोडवून जहाजावर चढवता येत नाही. तो जातो तेव्हा त्याच्याबरोबर एक पुरे घर जात असते. वागळे इस्टेटीतल्या त्या दोन इमारतींमधून पुढे निघणाऱ्या प्रत्येक मुलामागे असे एक घर आहे, एवढे ध्यानात ठेवून आपण त्याला निरोप द्यावा.