आधी बिजागरी, मग खटका

पाऊस लागला की घराचं दार फुगतं, चौकटीला घासू लागतं. मग आपण काय करतो? खांद्याने दार रेटतो, कडी ओढून कशीबशी कोयंड्यात बसवतो आणि म्हणतो, "लागलं एकदाचं!" चार दिवसांनी कोयंडाच चौकटीतून उपटून येतो. मग सुतार येतो. जाणता सुतार कडीला हात लावत नाही. तो दार हलकेच उघडतो, मिटतो आणि पहिल्यांदा बिजागऱ्या पाहतो.

आज मला बोलायचं आहे ते अशाच एका दाराविषयी. मात्र हे दार घराचं नाही, जुन्या पिकअप मोटारीचं आहे. इंजिनावरचं ते लोखंडी झाकण, ज्याला गॅरेजात आपण बॉनेट म्हणतो.

उदाहरणाला अमेरिकेतली शेव्हरले पिकअप घेऊ. १९४७ च्या मध्यापासून १९५५ च्या आरंभापर्यंत ही गोल नाकाची गाडी तिकडे तयार होत असे. शेव्हरले हे नाव आपल्याकडेही जुनंच. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत मोटारींच्या जुळणीचा कारखाना काढला होता, तो १९५४ साली बंद झाला. त्या काळातल्या गाड्या हौसेने जपणारे लोक आजही आहेत. या पिकअपचं बॉनेट पुढून उघडतं. बिजागऱ्या मागे, काचेच्या बाजूला असतात आणि खटका पुढे, नाकापाशी.

माझ्या एका स्नेह्याकडे अशी १९५१ सालची गाडी होती. बॉनेट एका अंगाला कललेलं होतं. एका कारागिराने खटका आवळून ते जोराने ओढून बसवलं. वरून पाहिलं तर काम झकास. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघे त्या गाडीतून निघालो. रस्ता मोकळा, गाडी जरा वेगात. एकाएकी खटका सुटला. खटका सुटला तरी झाकण धरून ठेवायला एक दुसरी आकडी असते, पण ती गंजून अडकली होती. वारा खाली शिरला आणि अख्खं झाकण उलटून काचेवर आलं. समोरचं काही दिसेना. आणि क्षणापूर्वीच आम्ही पुढे सायकलवरून शाळेत जाणारा एक मुलगा पाहिला होता!

स्नेही घाबरला नाही. त्याने ब्रेक एकदम दाबला नाही, चाकही वळवलं नाही. वेग कमी करत बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं, रस्ता पाहिला आणि गाडी कडेला उभी केली. त्या मुलाला काही कळलंही नाही. तो घंटी वाजवत निघून गेला. आमचे हात मात्र बराच वेळ कापत होते.

तेव्हा हे काम नुसतं देखणेपणाचं नाही, हे ध्यानात घ्या. आता ते करायचं कसं, ते पाहू.

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन थंड होऊ द्या. पहिल्यांदा पाना घेऊ नका, तेल घ्या. पुष्कळदा दोष मापाचा नसतो, गंजाचा असतो. बिजागरी आखडली असताना झाकण जोराने दाबलं, तर बिजागरी मिटत नाही, पत्रा वाकतो. आणि एकदा मुरड पडलेला पत्रा पूर्ववत करणं फार अवघड. म्हणून सांधे साफ करा, तेल सोडा आणि झाकण थोडं थोडं उघडून मिटून मोकळं करा. बिजागरीची पिन झिजून खुळखुळत असेल तर ती आधी बदला. बिजागरीच्या स्प्रिंगांना भारी ताण असतो. त्या नुसत्या हाताने काढायला जाऊ नका.

मग खालची चौकट पाहा. रेडिएटरच्या आधाराखाली रबराच्या गाद्या असतात. त्या दबल्या की पुढचा पत्रा खचतो आणि दोष मात्र बॉनेटवर येतो. भिंत खचली असेल तर दाराने काय करावं?

आता खटका सोडवून बाजूला ठेवा. बिजागरीच्या कडेने पेन्सिलीने रेघ आखा, म्हणजे मूळ जागा हरवणार नाही. काचेखालच्या कोपऱ्यांवर जाड फडकं टाका. दोन्ही अंगांना एकेक माणूस हवा; एकट्याने हे काम करू नये. बोल्ट काढायचे नाहीत, नुसते ढिले करायचे. बॉनेट आणि बिजागरी यांमधल्या बोल्टांनी झाकण बहुधा पुढे-मागे सरकतं, आणि बिजागरी गाडीच्या अंगाला जोडणाऱ्या बोल्टांनी मागची कड वर-खाली होते. एका वेळी एकच बदल करा. बोल्ट आवळा, झाकण हलकेच टेकवा, पाहा. आपटू नका.

शिक्षक मित्रांनो, इथे तुमच्या वर्गासाठी एक गणित आहे. समजा, नाकापाशी डावी फट २ मिलिमीटर आणि उजवी १० मिलिमीटर आहे. फरक ८ चा. पण नाक ४ मिलिमीटरच उजवीकडे न्यायचं, कारण एक फट वाढते तेव्हा दुसरी तेवढीच कमी होते. आता दोन बिजागऱ्यांमधलं अंतर ३ फूट आणि झाकणाची लांबी ४ फूट धरा. डावी बाजू ३ मिलिमीटर पुढे सरकवली की नाक ४ मिलिमीटर उजवीकडे वळतं. तीनाला चार, हे प्रमाण. मुलांना पुठ्ठ्याचा तुकडा आणि दोन टाचण्या देऊन हे दाखवता येईल.

फटी सारख्या झाल्या, मगच खटका बसवा. झाकण आपसुक जिथे येऊन टेकतं, तिथे खटका न्यायचा. खटक्यासाठी झाकण ओढायचं नाही. खटक्याची पिन आटे देऊन लांब-आखूड करता येते. ती लांब राहिली तर झाकण खडखडतं, फार आखूड झाली तर झाकण ताणलं जातं. कोपऱ्यावरच्या रबरी बुंध्यावर पोस्टकार्ड ठेवून बॉनेट लावा आणि कार्ड ओढून पाहा. ते जरा अडखळत निघालं, तर दाब बेताचा आहे.

शेवटची परीक्षा दुसऱ्या आकडीची. खटका सोडा. झाकण थोडं उचललं जाऊन आकडीवर अडलं पाहिजे. आकडीला हात न लावता ते वर ओढा. उघडलं, तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका. ही परीक्षा दर महिन्याला करा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरला तगलेला खटका ६० ला तगेलच असं नाही.

मोटार तुमच्याकडे नसेल. पण घराचं दार आहे, शाळेचं कपाट आहे, बैलगाडीची फळी आहे. कुठेही काही बसेनासं झालं, तर कडी ओढण्याआधी क्षणभर थांबा आणि बिजागरी पाहा. सुताराला हे ठाऊक असतं. आम्हाला ते भर रस्त्यात शिकावं लागलं.