‘निर्विवाद’ कशाला म्हणावे?



इंग्रजीतील ‘अनडिस्प्यूटेड’ या विशेषणासाठी आपण सरसकट ‘निर्विवाद’ हा शब्द योजतो. वास्तविक मराठीत त्याची भावंडे पुष्कळ. निवडणुकीत एकच अर्ज आला की उमेदवार ‘बिनविरोध’ निवडून येतो. तो सर्वांत लायक होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही. (कार्यकारिणीने राग मानू नये.) ज्याविषयी वाद संभवतच नाही ते ‘वादातीत’. ‘निर्विवाद’ यांच्या मधले: वाद करता आला असता, परंतु सप्रमाण असा कोणी केलेला नाही.

हा काथ्याकूट ग्वाल्हेरकरांनी करण्याचे कारण आपल्या किल्ल्याच्या चढणीवरच आहे. चतुर्भुज मंदिरातील शिलालेख विक्रम संवत ९३३चा, म्हणजे इ. स. ८७६चा. देवाच्या फुलबागेसाठी दिलेली २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन आणि रोजच्या ५० माळा यांची त्यात नोंद आहे. २७० व ५० मधील शून्ये लहान वर्तुळाची, आजच्यासारखीच. याहून जुन्या तिथीचे काही ताम्रपट दाखविले जात. पण ते मागाहून तयार केलेले असावेत, असा अभ्यासकांना संशय. दगडावरील आपल्या लेखाविषयी तसा संशय नव्हता, म्हणून त्याला हे विशेषण लाभले.

मात्र विशेषणाचे विशेष्य कोणते, हे पाहिले पाहिजे. निर्विवाद आहे तो लेखाचा काळ आणि अंकांचे वाचन, ‘पहिलेपणा’ नव्हे. कंबोडियातील सांबोर येथील शिलालेखात शक ६०५, म्हणजे इ. स. ६८३, हे वर्ष कोरले असून त्यात शून्यासाठी ठिपका आहे. तो आपल्या लेखाहून १९३ वर्षांनी जुना. १८८१ साली पेशावरजवळ सापडलेल्या बख्शाली हस्तलिखिताच्या तीन पानांची कार्बन-चाचणी ऑक्सफर्डने २०१७ साली प्रसिद्ध केली. एक पान तिसऱ्या-चौथ्या शतकातले ठरले, तर उरलेली दोन कित्येक शतकांनी अलीकडची! एकाच पोथीची पाने इतक्या अंतराची कशी, असा आक्षेप जाणकारांनी लगेच घेतला. तो काळ अर्थातच ‘विवाद्य’.

तरीही पाहुण्यांना किल्ला दाखविताना आपण अभिमानाने ‘जगातील पहिले शून्य’ म्हणतो. माझी सूचना एवढीच, की ‘निर्विवाद काळाचे प्राचीन शून्य’ असे म्हणावे. आणि पाहुणा सवड काढून आला असेल, तर त्या ५० माळांची गोष्टही त्याला सांगावी.